काम्यू आणि सार्त्र : मैत्री नेमकी कशावर तुटली?

पैलतीर (धागाकर्ता)

आल्बेर काम्यू आणि ज्याँ-पॉल सार्त्र या फ्रेंच लेखक-विचारवंतांची मैत्री ऑगस्ट १९५२ मध्ये जाहीरपणे तुटली. त्याचे कारण सहसा असे सांगितले जाते, की काम्यू साम्यवादाच्या विरोधात गेला आणि सार्त्र साम्यवाद्यांकडे सरकला. किंवा त्याहूनही ढोबळपणे, काम्यू अहिंसावादी होता आणि सार्त्र हिंसेचा पुरस्कर्ता. पहिले कारण मला अपुरे वाटते आणि दुसरे तर चुकीचेच आहे. जर्मन अंमलाखालच्या फ्रान्समध्ये ‘काँबा’ या भूमिगत वृत्तपत्रात काम करणारा, पुढे त्याचा संपादक झालेला आणि सशस्त्र प्रतिकाराच्या बाजूने निःसंदिग्धपणे लिहिणारा काम्यू शांततावादी कधीच नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे भांडण वेगळ्याच प्रश्नावर होते : राजकीय कारणासाठी माणूस मारणाऱ्याने त्या मृत्यूची जबाबदारी स्वतःवर ठेवायची, की उद्याच्या न्याय्य समाजाच्या नावे मांडून मोकळे व्हायचे?

हे दोघे एकमेकांना भेटण्याआधी एकमेकांचे वाचक होते. काम्यूने १९३८ मध्ये, तेव्हा फ्रेंच अंमलाखाली असलेल्या अल्जीरियातल्या, अल्जीअर्सच्या एका दैनिकात सार्त्रच्या पहिल्या कादंबरीवर लिहिले, आणि सार्त्रने १९४३ मध्ये काम्यूच्या ‘द आउटसायडर’ या कादंबरीवर दीर्घ व गुणग्राहक लेख लिहिला. त्याच वर्षी जूनमध्ये सार्त्रच्या एका नाटकाच्या निमित्ताने पॅरिसमध्ये त्यांची भेट झाली. एक पॅरिसच्या एकोल नॉर्माल स्युपेरिअर या प्रतिष्ठित शिक्षणसंस्थेतून आलेला तत्त्वज्ञ; दुसरा अल्जीअर्सच्या बेलकूर या कष्टकरी वस्तीत वाढलेला, ज्याचे वडील १९१४ मध्ये युद्धात गेले आणि जिची वाचा व श्रवण अधू होते अशी आई लोकांकडे साफसफाई करून घर चालवत होती. तरीही जवळीक फार लवकर झाली. १९४५ च्या आरंभी काम्यूने ‘काँबा’चा प्रतिनिधी म्हणून सार्त्रला अमेरिकेला धाडले, यावरून त्या काळातल्या विश्वासाची कल्पना येते.

तडा मात्र त्याच महिन्यांत दिसू लागतो. नाझींशी सहकार्य करणाऱ्या एका साप्ताहिकाचा संपादक रोबेर ब्राझियाक याला देहदंडाची शिक्षा झाली, तेव्हा दयेच्या अर्जावर काम्यूने सही केली आणि सार्त्र व त्याची सहचरी, लेखिका सिमोन द बोव्हार यांनी नाकारली. काम्यूला ब्राझियाकविषयी तिळमात्र सहानुभूती नव्हती. काही महिन्यांपूर्वी तो स्वतःच, क्षमेची भाषा करणाऱ्या कादंबरीकार फ्रांस्वा मोरियाकशी, कठोर न्यायाच्या बाजूने वाद घालत होता. परंतु शिक्षा प्रत्यक्ष होऊ लागल्यावर त्याचे मत बदलत गेले, आणि पुढे मोरियाकचेच बरोबर होते असे त्याने जाहीरपणे मान्य केले. ब्राझियाकला ६ फेब्रुवारी १९४५ रोजी गोळ्या घातल्या गेल्या. काम्यूला लहानपणी कळलेल्या एका हकिकतीनुसार त्याचे वडील कधीकाळी एक शिरच्छेद पाहायला मुद्दाम गेले होते आणि घरी येऊन ओकले होते. ती हकिकत त्याने १९५७ मध्ये गिलोटिनवरच्या निबंधाच्या आरंभी दिली आहे. मला वाटते, त्याच्या राजकीय विचाराचा पाया कोणत्याही ग्रंथापेक्षा या शारीरिक शिसारीत आहे. हे त्याचे बळ होते, आणि ते तत्त्वज्ञान नव्हे असे त्याच्या विरोधकांना वाटले.

दुसरा प्रसंग १९४६ चा. स्टालिनने आपल्याच पक्षातल्या जुन्या नेत्यांवर चालवलेल्या मॉस्कोच्या खटल्यांवर आर्थर कोसलरने लिहिलेल्या कादंबरीला उत्तर म्हणून तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँतीने सार्त्रच्या ‘ले ताँ मोदेर्न’ या नियतकालिकात अशी मांडणी केली, की क्रांतिकारी हिंसेचा निवाडा ती कोणते भविष्य घडवते यावरून करावा लागेल. लेखक बोरिस व्हियाँ याच्या घरी झालेल्या एका मेजवानीत काम्यूने मेर्लो-पाँतीला, तू या खटल्यांचे समर्थन करतो आहेस, असे तोंडावर सुनावले आणि दार आपटून तो निघून गेला. सार्त्र त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावला, पण तो परतला नाही. त्याच सुमारास ‘काँबा’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत काम्यूने आपली भूमिका मांडली : बळीही व्हायचे नाही आणि मारेकरीही. १९४८ मध्ये टीकाकारांना उत्तर देताना त्याने अधिक स्पष्ट केले, की हिंसा टाळता येणार नाही हे आपल्याला मान्य आहे; अमान्य आहे ते तिला वैध ठरवणे, मग ती वैधता राज्यसंस्थेने दिलेली असो वा एखाद्या तत्त्वप्रणालीने.

हीच भूमिका डिसेंबर १९४९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या काम्यूच्या ‘ले ज्युस्त’ या नाटकात आहे. फेब्रुवारी १९०५ मध्ये मॉस्कोत इव्हान काल्यायेव्ह हा रशियन क्रांतिकारक झारच्या घराण्यातल्या ग्रँड ड्यूक सेर्गेईवर बॉम्ब टाकायला उभा होता. बग्गीत ड्यूकची पत्नी आणि दोन मुले बसलेली दिसली तेव्हा त्याने उगारलेला हात खाली घेतला. दोन दिवसांनी ड्यूक एकटा असताना त्याने बॉम्ब टाकला, पकडला गेला आणि फाशी गेला. काम्यूला हा माणूस आदर्श वाटला, कारण त्याने मर्यादा पाळली आणि घेतलेल्या प्राणाचे मोल स्वतःच्या प्राणाने दिले.

ऑक्टोबर १९५१ मध्ये काम्यूचे ‘द रिबेल’ हे वैचारिक पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा हा विचार फ्रेंच राज्यक्रांतीपासून स्टालिनपर्यंतच्या इतिहासाला लावलेला होता. मे १९५२ मध्ये फ्रान्सिस जाँसाँ याने सार्त्रच्या नियतकालिकात त्याचे अत्यंत कठोर परीक्षण लिहिले. काम्यूने जाँसाँचे नावही न घेता ‘संपादक महाशय’ या संबोधनाने सार्त्रला उत्तर धाडले आणि त्यात लिहिले, की इतिहासाच्या दिशेने ज्यांनी आपल्या आरामखुर्चीखेरीज कधी काही वळवले नाही, त्यांच्याकडून धडे घेण्याचा आपल्याला कंटाळा आला आहे. ऑगस्टच्या अंकात ते पत्र, सार्त्रचे उत्तर आणि जाँसाँचे उत्तर एकत्र छापले गेले. सार्त्रचा आरंभ प्रसिद्ध आहे : आपली मैत्री सोपी नव्हती, पण मला तिची उणीव भासेल. त्यानंतरची पाने मात्र निर्दय आहेत.

या दोघांपैकी कोणाचे बरोबर होते, याची मतमोजणी मला नको आहे. काल्यायेव्हची मर्यादा एका माणसाला पाळता येते. ती एखाद्या राजकीय चळवळीला पाळता येईल का, यावर वाचकांनी लिहावे अशी विनंती आहे.

जुना वाचक

विवेचन आवडले. फक्त ऑगस्ट १९५२ च्या त्या पत्रांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण विचारांचे मतभेद आधीच सहा-सात वर्षांचे होते आणि तरीही मैत्री टिकली होती. ती पत्रांमुळे तुटली.

पुस्तक आल्यावर कित्येक महिने सार्त्रच्या वर्तुळात कोणीच परीक्षण लिहायला तयार नव्हते, असे बोव्हारच्या आठवणींतून दिसते. पुस्तक कोणालाच रुचले नव्हते, आणि निदान सौजन्याने लिहील असा माणूस सार्त्र शोधत होता. जाँसाँने ते सौजन्य राखले नाही. त्याचा मुख्य आक्षेप असा होता, की काम्यू क्रांतीचा इतिहास सांगतो पण क्रांती ज्या भुकेतून आणि शोषणातून निघते त्यांचा मागमूस त्यात नाही. त्याच्या लेखी क्रांतिकारक हे केवळ देवाच्या रिकाम्या जागेवर बसू पाहणारे लोक आहेत. हा आक्षेप खोडून काढण्याजोगा असेल, पण क्षुल्लक नव्हता. काम्यूने त्याला थेट उत्तर द्यायला हवे होते. त्याऐवजी त्याने जाँसाँला अस्तित्वातच नसल्यासारखे वागवले आणि नऊ वर्षांच्या मित्राला परक्या संपादकासारखे संबोधले.

सार्त्रने त्याचा सूड शैलीने घेतला. तुम्ही मूळ ग्रंथ वाचलेले नाहीत, तुम्हाला अवघड विचारांचा तिटकारा आहे, असे त्याने हजारो वाचकांसमोर लिहिले. बेलकूरच्या मुलाला, ज्याने क्षयामुळे अध्यापनाचा मार्ग गमावला होता, हे वाक्य एकोल नॉर्मालच्या माणसाकडून ऐकावे लागले. त्यातला वर्गीय दंश दोघांनाही कळत होता, असे मला वाटते. आणि या सगळ्यात मृतांचा प्रश्न, म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्यांमधल्या कैद्यांचा प्रश्न, काही ओळींपुरताच उरला.

भवताल

सार्त्रच्या बाजूने कोणीतरी सविस्तर लिहायला हवे, म्हणून लिहितो.

छावण्यांविषयी सार्त्र गप्प होता हा समज खरा नाही. जानेवारी १९५० मध्ये त्याच्या नियतकालिकात त्याच्या आणि मेर्लो-पाँतीच्या नावाने संपादकीय आले, आणि त्यात म्हटले होते, की ज्या देशात दर वीस नागरिकांमागे एक छावणीत असतो तिथे समाजवाद नाही. काम्यूला उत्तर देतानाही त्याने छावण्या असमर्थनीय असल्याचे पुन्हा लिहिले. त्यापुढे त्याने जे जोडले ते महत्त्वाचे आहे : भांडवलशाही वृत्तपत्रे त्या छावण्यांचा रोज जो वापर करतात, तोही तितकाच असमर्थनीय आहे. ज्या फ्रान्समध्ये हा वाद चालला होता, तो फ्रान्स त्या क्षणी हिंदचीनमध्ये युद्ध करत होता आणि १९४७ मध्ये त्याने मादागास्करमधला उठाव रक्तात बुडवला होता. मे १९५२ च्या अखेरीस पॅरिसमधील निदर्शनांनंतर साम्यवादी नेते जाक द्युक्लो यांना अटक झाली, आणि तो क्षण सार्त्रसाठी निर्णायक ठरला.

माझा मुद्दा असा आहे, की हिंसा करावी की नाही हा प्रश्न ज्याच्या अंगावर हिंसा आधीच चालून आलेली आहे त्याच्यापुढे नसतोच. खाणीत, मळ्यात आणि वसाहतीत रोज चालणारी हिंसा तिला विरोध होईपर्यंत कोणाला दिसत नाही. विरोध होताच मर्यादेची चर्चा सुरू होते. काल्यायेव्हचा हात थांबला ही गोष्ट सुंदर आहे यात शंका नाही. परंतु झारच्या सैनिकांनी त्याच्या काही आठवडे आधी, जानेवारी १९०५ मध्ये, पीटर्सबर्गच्या निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या तेव्हा कोणाचाही हात थांबला नव्हता.

आडवाट

काल्यायेव्हच्या प्रसंगाला आपल्याकडचा एक धागा खरोखरच जोडलेला आहे, म्हणून तो इथे नोंदवतो. रशियन क्रांतिकारकांची बॉम्बविद्या थेट हिंदुस्थानात आली ती पॅरिसमार्गे, आणि ती शिकणाऱ्यांत बंगालचे हेमचंद्र कानुनगो यांच्याबरोबर पारनेरचे पांडुरंग महादेव, म्हणजे सेनापती बापट होते. पुढे ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफोर्ड या न्यायाधीशाची समजून एका घोडागाडीवर बॉम्ब टाकला. त्या गाडीत किंग्जफोर्ड नव्हता. केनेडी नावाच्या बॅरिस्टरची पत्नी आणि मुलगी होत्या, आणि त्या दोघी मरण पावल्या.

म्हणजे मॉस्कोत जी गाडी ओळखू आली आणि हात थांबला, ती मुझफ्फरपूरच्या रात्री ओळखू आली नाही. काम्यूच्या मर्यादेची एक अडचण मला इथे दिसते. मर्यादा पाळण्याची इच्छा असणे पुरेसे नाही, कारण बॉम्ब ती पाळत नाही. टिळकांनी त्यावर ‘केसरी’त जे लिहिले, त्याचा रोख मात्र भवताल यांच्या मांडणीच्या जवळचा आहे : बॉम्ब निंद्य आहेच, पण दडपशाहीनेच तो जन्माला घातला आणि अधिक दडपशाहीने तो थांबणार नाही. त्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला जावे लागले. ज्या बापटांनी ती विद्या आणली, त्यांनी १९२१ मध्ये मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह उभारला. एकाच आयुष्यात माणूस या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहू शकतो, याचे हे मला माहीत असलेले सर्वांत जवळचे उदाहरण आहे.

पैलतीर (धागाकर्ता)

आडवाट यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. काल्यायेव्हला दुसरी संधी मिळाली. खुदिरामांना कळले तेव्हा सर्व घडून गेले होते. तरीही मला काम्यूचा निकष निरुपयोगी वाटत नाही. त्या दोन स्त्रियांचा मृत्यू ‘अटळ हानी’ म्हणून खात्यातून वगळायचा नाही, एवढेच तो मागतो.

भवताल यांना एक पुस्ती जोडतो. मादागास्करचा उल्लेख आपण केला; त्या दडपशाहीवर काम्यूने मे १९४७ मध्येच ‘काँबा’त लिहिले होते, आणि जर्मनांनी केले म्हणून ज्याचा आपण निषेध केला तेच आपण करत आहोत असे फ्रेंच वाचकांना स्पष्ट सांगितले होते. तेव्हा वसाहतीतली हिंसा त्याला दिसत नव्हती, असे म्हणता येणार नाही.

क्षितिजापार

दिसत होती, परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष तो स्वीकारू शकला नाही, असे मी म्हणेन. आणि ‘द रिबेल’वर इतके लिहिताना अल्जीरियाला बगल दिली तर हा विषय अर्धाच राहील.

काम्यूने १९३९ मध्येच अल्जीरियाच्या काबिलिया या डोंगराळ भागातल्या उपासमारीवर वार्तापत्रे लिहिली. ८ मे १९४५ रोजी, युरोप विजय साजरा करत असताना, सेतिफ येथे अल्जीरियन निदर्शकांवर गोळीबार झाला. त्यानंतर उसळलेल्या हिंसेत सुमारे शंभर युरोपीय मारले गेले आणि सूड म्हणून फ्रेंच सैन्याने हजारो अल्जीरियन मारले. पॅरिसमध्ये ज्या थोड्यांनी तिथल्या दुष्काळाविषयी आणि अन्यायाविषयी लिहिले त्यांत काम्यू होता. नोव्हेंबर १९५४ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले, आणि २२ जानेवारी १९५६ रोजी त्याने अल्जीअर्समध्ये जाऊन दोन्ही बाजूंना एकच मागणे केले : निदान सामान्य नागरिकांना मारू नका. सभागृहात अल्जीरियन राष्ट्रवादी नेते फरहात अब्बास यांनी त्याला मिठी मारली आणि बाहेर युरोपीय वसाहतवाद्यांचा जमाव काम्यूच्या मृत्यूच्या घोषणा देत होता. युद्धविराम झाला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस अल्जीअर्सच्या कॅफेंमध्ये बॉम्ब फुटले, आणि पुढच्या वर्षी फ्रेंच छत्रीसैनिकांनी शहरभर यातनागृहे उघडली.

डिसेंबर १९५७ मध्ये स्टॉकहोमला एका अल्जीरियन तरुणाने त्याला जाब विचारला, तेव्हा काम्यू म्हणाला, की अल्जीअर्सच्या ट्रामगाड्यांत सध्या बॉम्ब ठेवले जात आहेत, माझी आई त्यांतल्या एखाद्या गाडीत असू शकते, आणि हाच न्याय असेल तर मी आईची निवड करतो. या उत्तराचा पूर्वार्ध गाळून त्याला न्यायाचा शत्रू ठरवले गेले, ते अन्यायाचेच होते. पण मी पूर्ण उत्तर वाचूनही अस्वस्थ होतो. ट्राममधली आई प्रत्यक्ष दिसते. डोंगरातल्या ज्या गावांवर विमाने बॉम्ब टाकत होती तिथल्या आया तितक्या प्रत्यक्ष दिसत नाहीत. काम्यूला स्वतंत्र अल्जीरिया मान्य नव्हता. त्याला समान हक्कांचे, फ्रान्सशी जोडलेले संघराज्य हवे होते, आणि १९५८ पर्यंत ते मागणारे दोन्हीकडे जवळपास कोणी उरले नव्हते.

सार्त्रपेक्षाही जिव्हारी लागणारी एक फारकत इथे झाली. कवी ज्याँ सेनाक हा अल्जीरियात जन्मलेला युरोपीय, काम्यूला वडिलांच्या जागी मानणारा. त्याचा पहिला कवितासंग्रह १९५४ मध्ये काम्यूच्या पाठिंब्याने पॅरिसला निघाला. सेनाकने अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिआघाडीची बाजू घेतली आणि १९५८ मध्ये दोघांचा संबंध तुटला. यात कोणीही आरामखुर्चीत नव्हते, कोणाला कोणावर वर्गाची कुरघोडी करायची नव्हती, आणि दोघांचीही तीच मायभूमी होती. पैलतीर यांचा मूळ प्रश्न मला सार्त्रच्या पत्रांपेक्षा या ताटातुटीत अधिक शुद्ध स्वरूपात दिसतो.

जुना वाचक

सार्त्रच्या पुढच्या वाटचालीविषयी. ज्याच्याशी काम्यू १९४६ मध्ये भांडला त्या मेर्लो-पाँतीनेच १९५३ मध्ये सार्त्रचे नियतकालिक सोडले आणि नंतर सार्त्रच्या साम्यवादी सलगीवर सविस्तर टीका लिहिली. १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा सार्त्रनेही निषेध केला. म्हणजे रशियाच्या बाबतीत काम्यूचे म्हणणे या मंडळींना टप्प्याटप्प्याने मान्य करावे लागले.

वसाहतींच्या बाबतीत मात्र सार्त्र उलट दिशेने गेला. वसाहतवादविरोधी विचारवंत फ्रांत्झ फानोनच्या पुस्तकाला १९६१ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने असे मांडले, की वसाहतीतला माणूस एका युरोपीयाला मारतो तेव्हा जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा असे दोघेही एकदम संपतात. उरतो एक मृत माणूस आणि एक मुक्त माणूस. ते वाक्य मला आजही भयंकर वाटते. फानोन स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता, आणि त्याच पुस्तकाच्या अखेरच्या भागात हिंसा केलेल्या व सोसलेल्या रुग्णांच्या ज्या नोंदी आहेत, त्या या वाक्याला दुजोरा देत नाहीत. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे, की सार्त्र तेव्हा सुरक्षित नव्हता. अल्जीरिया फ्रेंचच राहावा म्हणून लढणाऱ्या गुप्त सैनिकी संघटनेने त्याच्या पॅरिसमधील घरावर दोनदा बॉम्बहल्ला केला. त्याच संघटनेने मार्च १९६२ मध्ये काम्यूचा काबील मित्र, शिक्षक आणि लेखक मुलूद फेराऊन याची हत्या केली.

४ जानेवारी १९६० रोजी काम्यू मोटार अपघातात गेला तेव्हा सार्त्रने लिहिले, की आमचे भांडण झाले होते, पण भांडण म्हणजे काही नव्हे. एकमेकांना दृष्टीआड न करता एकत्र जगण्याची ती दुसरी रीत होती. मला हा लेख प्रामाणिक वाटतो, परंतु त्यात १९५२ मधले एकही विधान मागे घेतलेले नाही.

भवताल

फानोनच्या प्रस्तावनेतले ते वाक्य मीही समर्थनीय मानत नाही. त्यात मारणाऱ्याच्या मनात पुढे काय होते याचा विचारच नाही, आणि तिथे काम्यू सार्त्रपेक्षा कितीतरी अधिक जाणत होता.

राहिला काम्यूच्या मौनाचा प्रश्न. १९५८ मध्ये अल्जीरियावरचे लेख पुस्तकरूपाने काढल्यानंतर त्याने या विषयावर जाहीर बोलणे थांबवले, याबद्दल त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. पण त्याच काळात देहदंड झालेल्या अल्जीरियन कैद्यांसाठी तो राष्ट्राध्यक्षांकडे खासगीत रदबदली करत होता, त्यांतल्या काहींच्या कृत्यांचा त्याला तिटकारा असूनही. जाहीर निषेधाने एखाद्याचा प्राण वाचण्याची शक्यता कमी होईल, असा त्याचा हिशेब असावा. माझा आक्षेप असा, की कैद्याचा जीव वाचवणे आणि ज्या व्यवस्थेने त्याला गिलोटिनपाशी आणले तिच्याविरुद्ध उभे राहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम त्या वर्षांत जाँसाँने केले. ज्याचे नाव काम्यूने पत्रात घेतले नव्हते, तो मुक्तिआघाडीसाठी फ्रान्समध्ये गुप्तपणे पैसे पोचवत होता आणि त्यासाठी १९६० मध्ये त्याच्यावर त्याच्या अनुपस्थितीत खटला चालला. त्याने खुर्ची वळवण्यापेक्षा पुष्कळ अधिक केले.

पैलतीर (धागाकर्ता)

जाँसाँविषयी हे मान्य आहे. पण त्याने पोचवलेल्या पैशांतून नेमके काय विकत घेतले जाईल, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, आणि त्याला ते ठाऊक होते. काम्यूच्या अर्जांतून कोण वाचेल हे ठरवण्याचा अधिकारही काम्यूकडे नव्हता. तरी वाचलेला माणूस कोण, हे त्याला नावानिशी सांगता आले असते. या दोहोंत मला काम्यूच्या बाजूला राहावेसे वाटते. क्षितिजापार यांनी डोंगरातल्या गावांविषयी लिहिले आहे त्याचे उत्तर मात्र त्या बाजूला उभे राहून देता येत नाही.